कुरण राखेल तो कळप राखेल

नाशिक जिल्ह्यातील पशुपालकांना कुरण व कळप यांच्या व्यवस्थापनाचे शिक्षण : काही विचार, काही हिशेब

नाशिक जिल्ह्याचे नाव निघाले की द्राक्षबागा, लासलगावची कांद्याची बाजारपेठ आणि गोदावरीचे घाट नजरेसमोर येतात. परंतु या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचा संसार बागेवर किंवा बाजारपेठेवर चालत नाही. तो माळरानावरील आणि डोंगरउतारावरील गवतावर चालतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील डांगी गाईंचे खिल्लार असो, वा सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगावकडील मेंढ्यांचा वाडा असो, त्यांचा चरितार्थ गायरान, पडीक जमीन आणि वनजमीन यांवर अवलंबून आहे. हे गवत वर्षानुवर्षे विरळ होत गेले आहे. ते पुन्हा कसे आणावयाचे आणि त्यासाठी पशुपालकाला कोणते ज्ञान, कोणत्या रीतीने द्यावयाचे, हा प्रश्न पशुसंवर्धन खात्यापुरता मर्यादित नाही. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, तलाठी, वनरक्षक आणि ग्रामसेवक या सर्वांशी तो निगडित आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२२ साली ठराव करून २०२६ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय कुरणे व पशुपालक वर्ष’ म्हणून घोषित केले. जगभर कुरणांकडे ‘ओसाड जमीन’ म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. ती सोडून उत्पादक जमीन म्हणून त्यांच्याकडे पाहावे, हा या घोषणेमागील हेतू होय. नाशिकसारख्या जिल्ह्यात या विषयाचा विचार करण्यास हे निमित्त पुरेसे आहे.

एका जिल्ह्यातील दोन प्रदेश

इगतपुरी येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे सरकत गेल्यास पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो आणि येवला, नांदगाव व सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग येथे हे मान पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपते. पावसातील हा फरक जनावरांच्या जातींतही उतरला आहे.

पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्याची जनावरे म्हणजे डांगी. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे व कठीण खूर आणि तेलकट कातडी ही तिची लक्षणे. त्वचेतून स्रवणाऱ्या तेलकट द्रवामुळे पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही. म्हणून संततधार पावसात आणि भातखाचराच्या चिखलात डांगी बैल टिकून राहतो. महादेव कोळी, ठाकर, कानडी आदी समाजांनी हे वाण पिढ्यान् पिढ्या निवडून सांभाळले. रंगावरून पारा, बहाळा, मणेरी असे प्रकार ते ओळखतात. शेजारच्या अकोले तालुक्यातील राजूर येथे भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन आणि घोटीचा बाजार ही या वाणाची जुनी केंद्रे आहेत. डांगी गाय दुधाला फार नाही. एका वेताला सरासरी सुमारे ४३० किलो दूध देते. तिचे मोल बैलासाठी होते. पॉवर टिलर व ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची मागणी घटली आणि खिल्लारे लहान झाली.

पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात दख्खनी मेंढी आणि संगमनेरी शेळी ही मुख्य जनावरे होत. दिवाळीनंतर धनगर कुटुंबे वाडा घेऊन बाहेर पडतात, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवितात, त्या मोबदल्यात धान्य वा पैसे घेतात आणि मृगाच्या सुमारास गावी परततात. कोरडवाहू जमिनीला मिळणारे हे लेंडीखत विकतच्या खतापेक्षा कमी मोलाचे नाही. शेळी ही तर भूमिहीन कुटुंबाची बँकच. आजारपण, शाळेची फी किंवा लग्नकार्य निघाले की शेळी विकली जाते. त्यामुळे ‘जनावरे कमी करा’ एवढाच उपदेश या कुटुंबांच्या पचनी पडत नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको.

कुरण खालावते ते कसे

कुरणाचा ऱ्हास एका वर्षात होत नाही. पायरीपायरीने होतो आणि प्रत्येक पायरीची खूण जमिनीवर उमटलेली असते. दख्खनच्या चांगल्या कुरणात पवन्या, मारवेल, डोंगरी यांसारखी बहुवर्षायू गवते असतात. त्यांची मुळे खोल जातात, ती माती धरून ठेवतात आणि जनावरे त्यांना आवडीने तोंड लावतात. नेमके याच कारणाने ती आधी संपतात. त्यांच्या जागी कुसळी गवत वाढते. कुसळी कोवळी असेपर्यंत जनावर खाते. पुढे तिची टोकदार कुसे मेंढीच्या लोकरीत, कातडीत व तोंडात रुततात. त्यानंतर पावसाबरोबर उगवणारी आणि पावसाबरोबर सुकणारी एकवर्षायू गवते येतात. शेवटी जनावर ज्याला तोंड लावीत नाही अशी तरवड, टाकळा, घाणेरी यांसारखी झुडपे माजतात आणि मधली जमीन उघडी पडते. पहिल्याच पावसात माती ओढ्याला लागते.

या ऱ्हासात तीन चुका मोठ्या आहेत. पहिली चूक कोवळ्या गवतावर चराईची. मृगाचा पाऊस पडून रान हिरवे दिसू लागले की जनावरे सोडली जातात. उन्हाळाभर उपाशी राहिलेल्या जनावरांची निकड खरी असते. परंतु त्या वेळी गवताने मुळांत साठविलेले अन्न खर्चून नुकती पाने काढलेली असतात. तीच पाने पुन्हा पुन्हा खुडली गेली तर मुळे खंगतात आणि ठोंब मरतो. दुसरी चूक बी पडू न देण्याची. भाद्रपद-आश्विनात गवत निसवते. त्या वेळी रान पूर्ण चरून घेतले तर पुढील वर्षाचे बियाणेच नष्ट होते. तिसरी चूक वणव्याची. नवे गवत जोमाने फुटते या समजुतीने उन्हाळ्यात डोंगर पेटविले जातात. त्यात बी, पालापाचोळा, लहान रोपे आणि मातीवरील आच्छादन जळून जाते.

याखेरीज एक कारण असे आहे की जे गुराख्याच्या हातातले नाही. गायरान जमिनी अतिक्रमणाने आणि अन्य वापराने आक्रसत गेल्या. चरण्याची जागा निम्मी झाली, जनावरे तेवढीच राहिली, तर कुशलातील कुशल गुराखीही कुरण राखू शकत नाही. म्हणून शिक्षणाचा विचार करताना जमिनीचा विचार टाळता येणार नाही.

गवताचा हिशेब

शेतकरी धान्याचा हिशेब पायलीने करतो, दुधाचा लिटरने करतो. गवताचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. वस्तुतः तो अवघड नाही. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी काठ्यांची चौकट करावी. आश्विनात, न चरलेल्या गवताच्या जागी ती पाच-सहा ठिकाणी टाकावी. चौकटीतील गवत जमिनीलगत कापून तीन-चार दिवस उन्हात वाळवावे आणि वजन करावे. सरासरी वजन जितके ग्रॅम येईल त्याला दहाने गुणले की दर हेक्टरी किलोग्रॅम मिळतात. चौकटीत १०० ग्रॅम वाळलेले गवत मिळाले तर हेक्टरी उत्पादन १,००० किलो, म्हणजे एक टन झाले.

उदाहरणादाखल चाळीस हेक्टर गायरान असलेले एक गाव घेऊ. उत्पादन हेक्टरी एक टन धरले तर एकूण चाळीस टन वाळले गवत होते. त्यातील निम्मे जनावराने खावे आणि निम्मे मुळांसाठी, बियाण्यासाठी व मातीच्या आच्छादनासाठी उभे राहावे, हा कुरणशास्त्राचा ढोबळ नियम आहे. तेव्हा खाण्यास वीस टन उरले. मध्यम आकाराच्या गाईला दिवसाला सुमारे सात किलो कोरडा चारा लागतो. वर्षाला तो अडीच टन होतो. म्हणजे चाळीस हेक्टरांवर वर्षभर केवळ आठ गाई पोसल्या जातात. सहा मेंढ्यांना ढोबळमानाने एका गाईइतका चारा लागतो, हे धरल्यास हा आकडा सुमारे पन्नास मेंढ्यांचा होतो.

हेच गायरान राखून, सुधारून उत्पादन हेक्टरी तीन टनांपर्यंत नेले तर चोवीस गाई वर्षभर, किंवा सुमारे सत्तर गाई पावसाळ्याचे चार महिने चरू शकतील. तिप्पट वाढ लहान नव्हे. तरीही ज्या गावात दोनशे जनावरे आहेत त्या गावाचा प्रश्न केवळ गायरानाने सुटत नाही, हेही या हिशेबावरून स्पष्ट होते. कुरण सुधारणे, चारापिके घेणे, पिकांचे अवशेष वाया न घालविणे आणि कळपाचा आकार विचारपूर्वक ठरविणे या चारही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. एखादी सभा भरवून हे सांगण्यापेक्षा गावाने स्वतः काटा लावून हा हिशेब केला तर तो अधिक पटतो.

चार भागांची पद्धत

कुरण राखण्याची सोपी व परवडणारी रीत म्हणजे गायरानाचे चार भाग करणे. दरवर्षी एक भाग पावसाच्या आरंभापासून गवताचे बी पडेपर्यंत, म्हणजे साधारणतः दिवाळीपर्यंत, पूर्ण बंद ठेवावा. उरलेल्या तीन भागांत आळीपाळीने चराई करावी. पुढील वर्षी दुसरा भाग बंद करावा. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा विश्रांती मिळते आणि कोणाचीही चराई एकदम बंद होत नाही. तारेचे कुंपण घालणे प्रत्येक गावाला शक्य नसते. दगडी बांध, चर आणि त्यावर लावलेला निवडुंग किंवा घायपात यांचे कुंपण पुरते. आणि गावाने नेमलेला राखणदार असला तर तेही कमी लागते.

बंद ठेवलेल्या भागात मारवेल, मद्रास अंजन यांसारख्या गवतांची ठोंबे वा बी आणि स्टायलोसारख्या शेंगवर्गीय चाऱ्याचे बी पहिल्या पावसाबरोबर पेरावे. उतारावर समपातळी चर काढल्यास ओल टिकते. डोंगरउतारावर नांगरट करू नये. घाणेरी व तरवड फुलावर येण्यापूर्वी मुळासकट काढावी.

चरण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. गाय जिभेने गवत ओढून खाते, त्यामुळे काही बोटे खोड शिल्लक राहते. मेंढी जमिनीलगत कुरतडते. शेळी पाला व शेंडे पसंत करते. म्हणून एखाद्या भागात आधी गुरे, नंतर मेंढ्या असा क्रम ठेवावा आणि मेंढ्या एका ठिकाणी फार दिवस रेंगाळू देऊ नयेत. जाणते मेंढपाळ वाडा दोन-तीन दिवसांत हलवितात, ते उगीच नव्हे.

कापून घालण्याच्या गवताबाबत वेळ साधावी लागते. गवत फुलोऱ्यावर असताना कापले तर त्यातील पोषण टिकते. बी झडून काडी पिवळी झाल्यावर कापलेले गवत पोट भरते, पण अंगी लागत नाही. जेथे बियाण्यासाठी भाग राखला आहे तेथे मात्र बी पडू द्यावे. एकाच डोंगरावर दोन्ही उद्देश साधावयाचे असतील तर पट्टे आखून घ्यावेत.

गायरानाबाहेरचा चारा

बांधावर यशवंत किंवा फुले जयवंत या संकरित नेपिअर गवतांची ठोंबे, विहिरीजवळ लसूणघासाचा वाफा, खरिपात आफ्रिकन टॉल मका यांसारख्या चारापिकांची शिफारस राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अनेक वर्षे केली आहे. मका दाणे चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवाबंद दाबून ठेवला की दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो. हिरव्या चाऱ्याचा हंगाम अशा रीतीने उन्हाळ्यापर्यंत लांबविता येतो.

पश्चिम पट्ट्यात भाताचा पेंढा विपुल असतो, परंतु त्यात पोषण कमी. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया चाळीस ते पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांथरांनी शिंपडावा, ढीग दाबून कागदाने झाकावा आणि एकवीस दिवसांनी उघडावा. वास उडून गेल्यावर थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून हा पेंढा गाई-म्हशींना घालता येतो. प्रमाण चुकल्यास विषबाधा होते, म्हणून पहिला प्रयोग पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करावा आणि सहा महिन्यांच्या आतील वासरांना हा चारा देऊ नये.

कळपाचे नियोजन

चांगले कुरण आणि नियोजनशून्य कळप यांचा मेळ बसत नाही. मार्च २०१५ पासून राज्यात गाय, वळू व बैल यांच्या कत्तलीस बंदी आहे. तेव्हा खिल्लारात किती जनावरे असावीत याचा निर्णय जनावर म्हातारे झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तो पैदाशीच्या वेळीच घ्यावा लागतो. निवडक गाई, निवडक वळू आणि निकृष्ट नरांचे वेळीच खच्चीकरण ही त्याची सूत्रे होत. एकच वळू वर्षानुवर्षे खिल्लारात राहिला तर तो आपल्याच कालवडींना फळवितो आणि वाण खुजे होत जाते. तीन-चार वर्षांनी वळूंची गावागावांत अदलाबदल केली तर खर्चाविना हा दोष टळतो. मेंढ्यांत नर दोन वर्षांनी बदलावा. डांगीच्या मूळ प्रदेशात विदेशी रक्ताचा संकर करण्यापेक्षा शुद्ध डांगीचीच निवड करावी. तीन हजार मिलिमीटर पावसात उघड्यावर टिकणारे दुसरे वाण सहज मिळणार नाही.

आरोग्याचे वेळापत्रक हंगामाशी जोडलेले आहे. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी, लाळ खुरकुताची सहा महिन्यांच्या अंतराने, मेंढ्या-शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी आणि पीपीआरची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. भातखाचरांच्या कडेला व पाणथळीत गोगलगायींमार्फत यकृतातील पर्णकृमींचा प्रसार होतो. म्हणून इगतपुरी-पेठकडील पशुपालकांनी पाऊस संपल्यावर जनावरे पाणथळीत न सोडणे आणि जंतनाशक देणे अगत्याचे आहे. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली तेव्हा राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. लसीकरणाबाबत उदासीन राहिलेल्या गावांना त्या वर्षाने मोठा धडा दिला.

चराईबंदीचा भार कोणावर

कुरणसंवर्धनाची महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे नाशिकच्या शेजारीच आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, डोंगर राखले आणि गवत कापून आणून जनावरे गोठ्यात बांधली. गवत वाढले, पाणी वाढले, दुधाचा धंदा उभा राहिला. हे यश निर्विवाद आहे. परंतु ज्याच्याकडे विहीर व जमीन आहे तो म्हैस बांधून चारा कापून आणू शकतो. ज्याच्याकडे जमीन नाही, केवळ वीस शेळ्या आहेत, त्याच्या दृष्टीने चराईबंदीचा पहिला दिवस हा उपजीविका बंद होण्याचा दिवस असतो.

सिन्नरला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ पासून पाणलोट विकासाचे काम झाले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. मेंढ्या-शेळ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांनी चराईबंदीस प्रथम विरोध केला. चर्चेअंती क्षेत्र टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले, म्हणजे एक भाग राखला जात असता दुसऱ्या भागात जनावरांना जागा राहिली. हा मार्ग हळूचा आहे, परंतु त्यात गावातील दुबळा घटक बाजूला पडत नाही.

फिरत्या मेंढपाळांची अडचण आणखी वेगळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. कलम २३ अन्वये त्या जमिनीवर चरण्याचा हक्क त्या गावाच्या गुरांपुरताच असतो. परगावचा वाडा आला की तंटे होतात ते यातूनच. दुसऱ्या बाजूस, वनहक्क अधिनियम, २००६ ने वनक्षेत्रात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा पारंपरिक हक्क मान्य केला आहे. पावसाळ्यात चराईसाठी हिंडण्याची निकड कमी व्हावी म्हणून राज्य शासनाने २०१९ साली भटक्या जमाती (क) प्रवर्गातील धनगर मेंढपाळांसाठी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांकरिता चराई अनुदानाची तरतूद केली. ‘रान बंद करा’ असे सांगताना ‘त्या काळात काय खायला घाला’ याचे उत्तर सोबत द्यावे लागते, हे तत्त्व या तरतुदीत आहे. गावपातळीवरील प्रत्येक नियमास तेच लागू पडते.

सामायिक कुरण माणसाच्या स्वार्थापायी नष्ट होणारच, असे एक मत १९६८ सालापासून जगभर प्रचलित झाले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने अनेक देशांतील उदाहरणे अभ्यासून ते मत अपुरे असल्याचे दाखविले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दिलेले एक उदाहरण स्वित्झर्लंडमधील तोर्बेल या डोंगराळ खेड्याचे आहे. तेथे १५१७ साली नियम झाला की, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच गाई प्रत्येकाने उन्हाळ्यात सामायिक कुरणात सोडाव्यात. या नियमात उपदेश नाही, मोजमाप आहे. आणि तो गावकऱ्यांनी स्वतः केलेला आहे. आपल्या गावांनाही असा नियम बसविणे अशक्य नाही.

शिक्षण कोठे, केव्हा आणि कोणाला

पशुपालकांचे प्रशिक्षण अनेकदा तालुक्याच्या ठिकाणी, सभागृहात, दुपारी अकराला सुरू होते. त्या वेळी गुराखी रानात असतो. सभेला येतो तो जमीनदार शेतकरी किंवा घरातला शिकलेला मुलगा. प्रत्यक्ष चारा कापणारी, गोठा झाडणारी, आजारी कोकरू ओळखणारी बाई तर बहुधा यादीतच नसते. म्हणून प्रशिक्षणाची जागा गायरान, वाडी आणि आठवड्याचा बाजार ही असावी. वेळ संध्याकाळची असावी. विषय हंगामाप्रमाणे असावा : वैशाखात लसीकरण व कुंपण, आषाढात राखलेले क्षेत्र, आश्विनात गवताचे वजन व कापणी, पौषात मुरघास व पेंढा.

धनगर कुटुंबे गावी असतात ती पावसाळ्याच्या चार महिन्यांत. त्यांच्या अपरोक्ष हिवाळ्यात झालेला चराईचा ठराव त्यांच्यावर लादलेला ठरतो. १ मेच्या ग्रामसभेत राखावयाच्या क्षेत्राचा प्रस्ताव मांडावा, मेंढपाळ परतताच जूनमध्ये त्यांच्यासमवेत बैठक घेऊन क्षेत्र निश्चित करावे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पालनाचा आढावा घ्यावा, असा क्रम ठेवल्यास हा दोष टळेल.

शिकविणाऱ्याने शिकण्याचीही तयारी ठेवावी. कोणते गवत कोणत्या उतारावर येते, कोणत्या रानात जनावर आटते व कोठे दुधाला चढते, कोणत्या पाल्याने पोट फुगते हे जुन्या गुराख्याला तोंडपाठ असते. त्याला न ठाऊक असलेल्या गोष्टी म्हणजे रोगजंतू, लस, युरियाचे प्रमाण, कायद्यातील तरतुदी. दोघांचे ज्ञान एकत्र आले तरच ते गावाच्या उपयोगी पडते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे आणि मालेगावचे कृषी विज्ञान केंद्र, पशुवैद्यकीय दवाखाने तसेच १९७८ साली स्थापन झालेले, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या नावाने चालणारे मेंढी व शेळी विकास महामंडळ यांची मदत या कामी घेता येते.

ग्रामपंचायत आणि शाळा

ग्रामपंचायतीने प्रथम आपल्या गायरानाचा गट क्रमांक, क्षेत्र आणि हद्द यांची तलाठ्याकडून खातरजमा करून ती माहिती फलकावर लावावी. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिलेल्या निर्णयात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याबाबत राज्यांना निर्देश दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायरान जमिनींच्या संरक्षणाबाबत आदेश काढले. परंतु ज्या जमिनीची हद्द गावालाच माहीत नाही ती कागदावरील आदेशाने राखली जात नाही. दुसरे काम जनावरांच्या नोंदीचे. घरोघरी किती गुरे, किती शेळ्या-मेंढ्या आणि कोणाकडे जमीन नाही, याची नोंद झाल्याखेरीज न्याय्य नियम करता येत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर यांसारख्या अनुसूचित क्षेत्रातील गावांत ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार दिले आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी आपल्या व्यवस्थापन आराखड्यात चराईचे प्रकरण अवश्य समाविष्ट करावे.

शाळेचा वाटा याहून कमी नाही. चौकट टाकून गवत मोजण्याचा प्रयोग हा गणित, विज्ञान आणि भूगोल यांचा एकत्रित पाठ आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी राखलेल्या आणि न राखलेल्या भागातील गवताचे वजन दरवर्षी घेऊन तक्ता शाळेच्या भिंतीवर लावला तर पाच वर्षांनी तो तक्ता ग्रामसभेत पुरावा म्हणून ठेवता येईल. पवन्या, मारवेल, कुसळी यांचे नमुने वाळवून त्यांची नावे मुलांनी आजोबांकडून लिहून आणावीत. गुराख्याच्या घरातून आलेल्या मुलाला त्या दिवशी वर्गात इतरांहून अधिक येत असते. शाळेविषयीची त्याची ओढ वाढण्यास एवढेही पुरेसे होते.

गवत हे बियाणे विकत न घेता उगवणारे, नांगराविना वाढणारे आणि डोंगर धरून ठेवणारे पीक आहे. त्याची मागणी एकच : पावसाळ्याचे काही आठवडे त्याला सुखाने वाढू द्यावे. ती पुरी करण्यास मोठा निधी लागत नाही. गावाचे एकमत, काट्यावर केलेला हिशेब आणि ज्यांची जनावरे त्या काळात उपाशी राहतील त्यांच्या वैरणीची व्यवस्था लागते. यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक गावाने आपल्या गायरानाचा एक चतुर्थांश भाग जरी अशा रीतीने राखला, तरी येत्या आश्विनात चौकटीतील वजन त्याची साक्ष देईल.